दुधाआधीचं चॉकलेट

गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सगळे थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. संध्याकाळी धुकं उतरलं आणि रस्त्याकडेच्या टपरीवर 'हॉट चॉकलेट' अशी पाटी दिसली. माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा. त्याला दूध चालत नाही, काजूही चालत नाहीत. मी टपरीवाल्याला विचारलं, "भाऊ, यात दूध आहे का?" तो म्हणाला, "नाही ताई, पाण्यात बनवतो. एक थेंब दूध नाही." त्याने आमच्यासमोर किटलीतलं गरम पाणी कपात ओतलं, वर डब्यातली दोन चमचे पूड टाकली आणि ढवळून दिलं. मुलाने दोन घोट घेतले. पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला. गाडी काढून खालच्या गावातला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. अल्लाहच्या कृपेने सकाळी तो हसत उठला.

टपरीवाला खोटं बोलला नव्हता. दूध त्याने घातलंच नव्हतं. ते पुडीत होतं. नंतर मी त्या पुडीचं पाकीट मागवून पाहिलं. घटकांत साखर पहिली, दुधाची भुकटी दुसरी, कोको तिसरा. पाणी ओतलं की दूध तयार.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला इतिहासाची अध्यापन पद्धती घेतली होती, ती सवय अजून सुटलेली नाही. काही बिघडलं की 'हे कधीपासून असं आहे?' हा प्रश्न आधी पडतो. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून तोच प्रश्न पडला. चॉकलेटमध्ये दूध शिरलं कधी?

हा प्रश्न पडायला आणखी एक कारण होतं. घरी परतल्यावर मी त्याच्यासाठी पाण्यातलं चॉकलेट करते म्हटलं, तर अम्मी म्हणाली, "पाण्यातलं कसलं गं चॉकलेट? पोराला तेवढंच उणं." अम्मीचा हेतू वाईट नव्हता. पण 'उणं' हा शब्द मुलाने ऐकला. ईदला सगळे शीरखुर्म्याच्या वाट्या घेतात आणि तो खजूर चघळत बसतो. वाढदिवसाला वर्गात केक कापतात आणि तो घरून नेलेलं बिस्किट खातो. त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट 'बिन'ने सुरू होते. बिनदुधाचं, बिनकाजूचं. म्हणून शोधायला बसले, आणि जे सापडलं ते आधी त्याला सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेच्या वरच्या ॲमेझॉन खोऱ्यातलं. आजच्या इक्वाडोरमध्ये सांता आना-ला फ्लोरिडा नावाच्या ठिकाणी उत्खननात मिळालेल्या भांड्यांवर कोकोचे अंश सापडले. ते सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे हे झाड मध्य अमेरिकेत गेलं आणि माया लोकांनी त्याचं पेय नावारूपाला आणलं. ग्वातेमालातल्या रिओ आझुल इथे १९८४ मध्ये एक थडगं सापडलं, इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. त्यात मातीचं एक भांडं होतं, फिरवून बसवायच्या झाकणाचं. भांड्यावर माया लिपीत 'ककाव' लिहिलेलं आणि आतल्या डागांत कोकोचे रासायनिक अंश. म्हणजे डब्यावरचं लेबल आणि आतला माल जुळला! दीड हजार वर्षांपूर्वीचा तो डबा माझ्या पाकिटापेक्षा प्रामाणिक निघाला, असं मी वर्गात सांगते तेव्हा मुली हसतात.

हे पेय कसं करत? बिया आंबवून, वाळवून, भाजून, दगडी पाट्यावर वाटत. मग पाण्यात कालवत. त्यात मक्याचं पीठ, मिरची, व्हॅनिला, सुवासिक फुलं, कधी मध. आणि फेस काढायला एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार धरत. माया चित्रांमध्ये अशी धार ओतणारी बाई दिसते. आपल्याकडे चहावाला जसा चहा वर-खाली करतो, अगदी तसं. फेस हाच या पेयाचा मान होता.

दूध मात्र कुठेच नाही. आणि असणार तरी कसं? त्या भूमीत गाई नव्हत्या, म्हशी नव्हत्या, शेळ्याही नव्हत्या. गुरं अमेरिकेत पोचली ती कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ मध्ये. म्हणजे चॉकलेट हजारो वर्षं प्यायलं गेलं आणि त्या काळात दुधाचा थेंबही त्याला माहीत नव्हता. राजांच्या मेजवान्यांत ते असे, लग्नात असे, थडग्यात सोबत दिलं जाई. कोकोच्या बियांचं नाणं चाले. ज्याला आपण 'उणं' म्हणतो ते राजाचं पेय होतं.

नाणं म्हटलं की खोटं नाणं आलंच. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश पाद्र्याने मेक्सिकोतल्या जाणत्या लोकांना विचारून त्यांच्या जीवनाची भलीमोठी नोंद केली. तिच्यात चांगला कोकोविक्या कोण आणि वाईट कोण हेही लिहिलं आहे. वाईट विक्या राजगिऱ्याच्या पिठाच्या, मेणाच्या, ॲव्होकाडोच्या कोयीच्या नकली बिया करून खऱ्यांत मिसळतो. भेसळ ही काही आजची गोष्ट नाही.

१५२१ मध्ये स्पॅनिशांनी मेक्सिकोची राजधानी जिंकली. हळूहळू त्यांनाही या कडू पेयाची गोडी लागली आणि १५८५ मध्ये वेराक्रूझ बंदरातून कोकोची व्यापारी खेप सेव्हिलला गेल्याची नोंद आहे. स्पेनमध्ये त्यात साखर पडली, दालचिनी पडली. इथे मी भाषेच्या शिक्षिकेचा मोह आवरू शकत नाही. संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर, स्पॅनिश असुकार. ऊस आणि त्याचं नाव दोन्ही अरबांबरोबर अंदलूसमध्ये गेलं, ग्रानादाच्या किनाऱ्यावर उसाचे मळे पिकले. आपला शब्द असा अर्धं जग फिरून चॉकलेटच्या कपात उतरला. पण त्या गोडीची किंमत कोणी मोजली तेही लिहायला हवं. पुढे साखर आणि कोको या दोन्हींच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम करून नेलेली माणसं राबली.

१६३१ मध्ये माद्रिदला आंतोनिओ कोल्मेनेरो दे लेदेस्मा या वैद्याने चॉकलेटवर छोटं पुस्तक काढलं. त्यात कृती आहे. शंभर कोको बिया, मिरची, दालचिनी, साखर आणि सोबत बदाम व हेझलनट. दूध अजूनही नाही, पण कवचाचा सुकामेवा आला. माझ्या मुलाच्या नजरेने वाचलं तर धोक्याचा पहिला पदार्थ इथे दाखल झाला.

याच काळातला एक वाद मला फार आवडतो. चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो का? १६३६ मध्ये आंतोनिओ दे लेओन पिनेलो याने या एका प्रश्नावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे १६६२ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी मत दिलं की द्रवाने उपवास मोडत नाही. या युक्तिवादाला आधार कसला होता? चॉकलेट पाण्यात केलेलं असेल तर ते पेय. त्यात अन्न घातलं तर मात्र पंचाईत. रोज्यात असा प्रश्नच येत नाही, कारण आपल्याकडे पाण्याचा घोटही चालत नाही. पण 'हे पेय की अन्न?' असा कीस धर्मपंडितांनी पाडावा इतकं चॉकलेट पाण्याशी जोडलेलं होतं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

मग दूध आलं कधी? सतराव्या शतकात. इंग्लंडचा डॉक्टर हॅन्स स्लोन १६८७ मध्ये जमैकाला गेला. दुधातल्या चॉकलेटशी त्याचं नाव जोडलं जातं. हाच तो स्लोन, ज्याच्या संग्रहातून १७५३ मध्ये ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. दुधात चॉकलेट शिजवणारा तो पहिलाच माणूस नव्हे, पण औषधी म्हणून त्याच्या नावावर ते खपलं. तरीही दूध तेव्हा वेगळं होतं. करणारा ते स्वतःच्या हाताने घाली. घातलं की दिसत असे.

दूध दिसेनासं झालं ते कारखान्यात. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी कोकोतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. बीमध्ये निम्म्याच्या आसपास चरबी असते. ती बरीचशी निघाली की उरलेल्या पेंडीची बारीक पूड होते, तोच आपला कोको पावडरचा डबा. आधीचं चॉकलेट तेलकट तवंगाचं असे, ही पूड पाण्यात सहज मिसळे. निघालेल्या चरबीचा उपयोग पुढे खायच्या वडीला झाला. तिला 'कोको बटर' म्हणतात. नावात बटर असलं तरी तिचा गाईशी संबंध नाही.

त्याच काळात इंग्लंडात भेसळीने कहर केला होता. १८५० नंतर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकासाठी डॉ. आर्थर हिल हसल यांनी दुकानांतून माल आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कोकोत बटाट्याचं सत्त्व, साबुदाणा आणि रंगासाठी लाल माती सापडली. त्यांनी दुकानदारांची नावं छापली. गदारोळ झाला, १८६० मध्ये आणि पुन्हा १८७५ मध्ये कायदे झाले. डब्यात काय आहे ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, ही मागणी त्या भांडणातून पुढे आली. आज आपण पाकीट उलटं करून वाचतो, त्याच्या मागे अशा लोकांचे कष्ट आहेत.

आणि गंमत पाहा, १८७५ हेच ते वर्ष, जेव्हा स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावी डॅनियल पीटर यांनी दुधाचं चॉकलेट जमवलं. अडचण होती दुधातल्या पाण्याची. ओलं दूध कोकोच्या चरबीत मिसळेना आणि माल खराब होई. पाणी काढून आटवलेलं दूध वापरल्यावर जमलं. त्यानंतर आटीव दूध आणि दुधाची भुकटी चॉकलेटच्या धंद्यात कायमची वस्तीला आली. पाण्यात ढवळायच्या पुडीतही ती शिरली. मेहमान म्हणून आलेलं दूध घराचा मालक होऊन बसलं. हजारो वर्षांच्या कहाणीत त्याचा हिस्सा शेवटच्या काही पानांचा, पण आपल्याला वाटतं दुधाशिवाय चॉकलेट अपुरं.

या आजाराचं नावही फार जुनं नाही. काहींना चीज मानवतं आणि काहींना त्याच चीजने त्रास होतो, हे हिपोक्रेटसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात आहे. पण १९०२ मध्ये फ्रान्सच्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए यांनी दाखवलं की एखाद्या पदार्थाची पहिली मात्रा सोसलेलं शरीर दुसऱ्या वेळी अगदी थोड्या मात्रेनेही जीवघेणं बिथरू शकतं. रिशे यांना १९१३ चं नोबेल मिळालं. 'ॲलर्जी' हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. म्हणून 'थोडं थोडं दे, सवय होईल' असं प्रेमाने सांगणाऱ्यांना मी हात जोडते. सवयीचे प्रयोग घरी करायचे नसतात, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणखी एक घोटाळा दूर करू. 'दूध पचत नाही' आणि 'दुधाची ॲलर्जी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही; पोट फुगतं, जुलाब होतात. दुसरीत दुधातल्या प्रथिनांवर शरीर हल्ला चढवतं. म्हणून 'लॅक्टोज फ्री' लिहिलेला डबा ॲलर्जीच्या मुलाला चालत नाही, त्यात प्रथिनं तशीच असतात. दूध खळाखळा उकळलं तरी केसीन नावाचं प्रथिन टिकून राहतं.

पाकिटावर काय वाचायचं? आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणे आणि कवचाचा सुकामेवा, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्यं आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट हे पाकिटावर जाहीर करावे लागतात. त्याखेरीज व्हे, केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स हे शब्द दिसले की पाकीट परत ठेवा. डार्क चॉकलेटची वडी वितळवून पेय करायचं असेल तर दुप्पट सावध. एकाच यंत्रावर आधी दुधाचं आणि मग काळं चॉकलेट निघतं, आणि चॉकलेटची यंत्रं ताटवाटीसारखी पाण्याने धुता येत नाहीत, कारण पाणी चॉकलेटचं वैरी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काळ्या वड्या तपासल्या, तेव्हा घटकांत दूध न लिहिलेल्या कित्येक वड्यांत ते सापडलं. म्हणून मी वडी घेतच नाही. घटकांत फक्त कोको लिहिलेली, 'दुधाचे अंश असू शकतात' अशी सूचना नसलेली साधी पूड घेते.

आता कृती. दोन कपांची.

आम्ही रायगडच्या किनाऱ्याचे, घरात नारळ नाही असा दिवस नाही. मुलाला नारळ चालतो हे डॉक्टरांकडून तपासून घेतलं आहे, तुम्हीही घ्या. एक नारळ खवायचा, कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवायचा आणि स्वच्छ फडक्यातून पिळायचा. हा जाड रस, अर्धा कप. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ रस काढायचा, दीड कप.

पातेल्यात दोन मोठे चमचे कोको, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि एक लहान चमचा तांदळाचं पीठ एकत्र करायचं. त्यात चार चमचे गरम पाणी घालून गुठळी न राहता लापशीसारखं कालवायचं. कोको एकदम भरपूर पाण्यात टाकला तर वर तरंगतो आणि आत कोरड्या गुठळ्या राहतात, म्हणून हे आधी. मग पातळ रस घालून मध्यम आचेवर ढवळत उकळी आणायची, दोन-तीन मिनिटं शिजू द्यायचं. तांदळाच्या पिठाने दाटपणा येतो आणि कोको तळाशी बसत नाही. मेक्सिकोत मक्याचं पीठ घालून जे चांपुर्रादो करतात त्यात हेच तत्त्व. आच बंद करून शेवटी जाड रस घालायचा; उकळला तर तो फुटतो. साखरेऐवजी गूळही चालतो. गाईच्या दुधात गूळ घालताना ते फाटायची धास्ती असते, इथे ती नाही. वेलची किंवा दालचिनी आवडीप्रमाणे.

आणि मग फेस. माया बाई उंचावरून धार धरत, स्पॅनिश काळात त्यासाठी लाकडी घुसळणी आली, मोलिनियो नावाची. तिचं चित्र पाहून अम्मी म्हणाली, "ही तर आपली रवी!" दोन तळव्यांमध्ये दांडा धरून फिरवायची पद्धतही तीच. फक्त ताकाची रवी यासाठी वापरायची नाही. लाकडात दूध मुरलेलं असतं. आम्ही नवी रवी आणली, पातेलं आणि गाळायचं फडकंही वेगळं ठेवलं. सगळं एका फडताळात, मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून.

परवाच्या ईदला सकाळी अम्मीने शीरखुर्मा केला, आणि दुसऱ्या शेगडीवर हे. नमाजहून आलेली चुलतभावंडं दस्तरखानावर बसली. धाकट्याने आपला फेसाळ कप पुढे घेतला आणि शेजारच्या भावाला सांगितलं, "हे राजे लोक प्यायचे. तेव्हा दूध नव्हतंच." भावाने एक घोट मागितला. मग दुसऱ्याने. अम्मीला पुन्हा नारळ खवायला बसावं लागलं. खवता खवता ती म्हणाली, "पुढच्या वेळी सगळ्यांना हेच करू." 'उणं' हा शब्द तिने त्यानंतर काढलेला नाही.

माझी विनंती एवढीच. ईद असो, दिवाळी असो, घरी लहान मूल येणार असेल तर त्याच्या आईला आधी फोन करून विचारा, काय चालत नाही. आणि टपरीवर असो की लग्नात, 'यात दूध आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. डबा मागून घ्या, उलटा करा, वाचा. आम्ही तेव्हा वाचला नव्हता.